अंबूबाईची आधीची वही

तुळजापुरातल्या एका जुन्या वाचनालयात वनमाला सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. कपाटांच्या किल्ल्या तिच्याकडे आणि धूळही तिच्याच वाट्याला. त्यामुळे मागच्या महिन्यात वाचनालयातच नीरजाला शाल मिळाली, तेव्हा टाळ्या वाजवताना वनमालाचे तळवे एकमेकांना जेमतेम लागले.

नीरजा धाराशिवच्या कॉलेजात इतिहास शिकवते. गेल्या उन्हाळ्यात तिनं इथलं एक जुनं बासन सोडलं आणि कापडात गुंडाळलेली, निजामाच्या काळातल्या अंबूबाई सुईणीची वही निघाली. कुठल्या गल्लीत, कुणाला, कितव्या खेपेला मूल झालं, बाळंतीण जगली की गेली, सगळं त्यात. बापांची नावं नाहीत, फक्त आयांची. पेपरात अर्धं पान छापून आलं. वनमाला त्यात ‘कर्मचाऱ्यांचे सहकार्य’ या दोन शब्दांत होती.

“सहकार्य म्हणे,” ती घरी नवऱ्याला म्हणाली. “सव्वीस वर्षं ते बासन मी झटकतेय.”

“मग सोडायला तुझा हात कुणी धरला होता?”

त्या रात्री त्याला भाकरी गार मिळाली.

वही चारशे बाराव्या बाळंतपणापासून सुरू होत होती. म्हणजे आधीची एक असणार, हे नीरजानं ताडलं होतं. तिनं विचारलं, तेव्हा वनमालानं न बघताच इथं नाही म्हणून सांगितलं आणि मग तीन दिवस दुपारच्या सुट्टीत कपाटं उपसली. चौथ्या दिवशी वही सापडली, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात. आता पुढची शाल आपली, हे तिनं धरूनच टाकलं.

नोंद करायला तिनं दाखल रजिस्टर काढलं. नीरजाला सापडलेल्या वहीचा क्रमांक जोडायला हवा होता. तो सापडला. लेखक: गुरुलिंग, म्हणजे अंबूबाईचा नवरा. अक्षर वनमालाचं. तेव्हाची रीतच तशी होती. बासनावर घरच्या कर्त्याचं नाव असायचं, तेच लेखकाच्या रकान्यात जायचं. आत कोण बघतो? तिनंही बघितलं नव्हतं.

नव्यानं सापडलेली वही अंबूबाईच्या नावावर चढवायची, तर जुनी नोंद खोडून खाली सही करावी लागणार होती, वर सचिव वसंतरावांचीही घ्यावी लागणार होती. वही पंचांगांत परत सरकवली, तर काहीच करावं लागणार नव्हतं. ती गठ्ठ्यापर्यंत जाऊनही आली. पण आज ना उद्या तीही नीरजालाच सापडली असती. ते तिला सोसवलं नसतं.

तिनं लाल शाईनं गुरुलिंग खोडला, अंबूबाई लिहिलं आणि खाली ‘चूक दुरुस्त’ म्हणून सही केली. शेऱ्यात लिहिलं: आधीची वही ग्रंथपालाने शोधली.

वसंतरावांनी चष्म्यावरून बघितलं. “चूक तुमची आणि शोधही तुमचाच?”

“होय. दोन्ही लिहिलंय.”

निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी नीरजा पहिल्या बसनं आली, वनमालाताई, वनमालाताई करत. वनमालानं तिच्यापुढं मागणीची चिठ्ठी सरकवली.

“भरा, मॅडम. इथं बसूनच वाचायचं, फोटो काढायचा नाही. आणि लेखात माझं नाव आडनावासकट लिहायचं.”