गाडी लागली

राजस्थान फिरायला रेल्वे बरी, बस की भाड्याची मोटार, हे फोनवर बघत होतो. तेवढ्यात बायकोनं लिंबू चिरलं आणि त्या वासासरशी मी लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर जाऊन पोचलो.

घरातला पहिला पदवीधर मी. आईला देश दाखवणारच, म्हणून सहलीची बस ठरवली होती. पण वडगावहून लोणावळ्याला येईपर्यंतच आईला ओकाऱ्या झाल्या. लिंबू नाकाशी धरून ती बाकावर बसली होती. सहलीचा माणूस ओरडला, "चला, गाडी लागली!"

"बघ, त्यालाबी कळलं," आई म्हणाली.

"मग रेल्वेनं जाऊ."

"तीबी लागती रं. तू जा, मला येऊन सांग."

आजही ती बाहेर ओट्यावर बसलीय. फोन विचारतो, प्रवासी किती? मी तीन लिहितो, मग दोन करतो.