बर्फाची केरसुणी

ऑक्टोबरच्या भर उन्हात, बनियन घामाने अंगाला चिकटलेलं असताना, आमचे शेजारी आबा वाडीत उभे राहून एक बोट ओलं करत आणि वर धरत. वारा कुठून येतो ते पाहत. मग कुंपणावरून मला सांगत, "मास्तर, थंडीचा भरवसा नाही."

वसईतल्या थंडीचा मला पूर्ण भरवसा होता. ती येत नाही. पहाटे पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढली की आमचा हिवाळा साजरा होतो. पण हे आबांना कोण सांगणार? त्यांनी तीस वर्षं मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यावर हेडमाळी म्हणून काढली होती. हवेच्या बाबतीत त्यांचा विश्वास वसईपेक्षा विलायतेवर जास्त होता.

साहेब लोक मायदेशी गेले त्या वर्षी मडमेने आबांना तीन गोष्टी दिल्या. बंगल्यातल्या मोडीत निघालेल्या काचघराच्या काचा, तांबड्या-चंदेरी पानांचा एक बिगोनिया, आणि हिवाळ्याआधी काचघराची तयारी कशी करावी याचा टाइप केलेला इंग्रजी कागद. बिगोनिया आबांच्या हातात देताना ती रडली म्हणे. "थंडीत जप, एवढंच बोलली," आबा सांगायचे. त्या एका वाक्यापायी त्यांनी केळी आणि पानवेलीच्या मधोमध दोन खाटा मावतील एवढं काचघर उभं केलं. ज्या गावात माणसं सावली शोधत फिरतात, तिथे यांनी ऊन कोंडून ठेवायची सोय केली.

दसरा झाला की साफसफाई सुरू. उन्हाळ्यात काचांना फासलेला चुना काथ्याने घासून काढायचा, रिठ्याच्या पाण्याने काचा धुवायच्या, फटी खडूची पूड आणि अळशीचं तेल मळून बुजवायच्या, शेवटी आत कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचा. काचा अशा लख्ख होत की ऑक्टोबरचं ऊन थेट आत शिरे आणि चार नेचे जागच्या जागी करपत. मग आबा त्याच लख्ख काचांवर गोणपाट टाकत. थंडीच्या तयारीत दरवर्षी झाडं उन्हाने मरत होती, पण कागदात तसं लिहिलेलं नसल्याने आबा ते मनावर घेत नसत.

गास गावाहून येणारी भाजीवाली पाटी उतरवून विचारायची, "आबा, काचांना एवढा पानी पाजता, त्यांना कोंब कदी येनार?"

"तुला नाही कळायचं," आबा म्हणत. मलाही कळत नव्हतं, पण मी मास्तर, त्यामुळे मला कागद वाचायला बोलावलं जाई. तो त्यांना पाठ होता, तरी वाचून घ्यायचा रिवाज होता. आत जाताना चपला बाहेर काढून पाय धुवावे लागत. आमच्याकडे पानवेलीच्या वाडीत असंच जातात, तिथे ते शोभतं. बिगोनियासाठी पाय धुताना मला स्वतःचीच कीव येई.

कागदात एक कलम होतं : छपरावर बर्फ साचल्यास मऊ केरसुणीने हलकेच झाडावा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आवरेना. आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून नवी मऊ केरसुणी आणली आणि काचघराच्या दाराशी खुंटीला टांगली. आबांची सून एकदा त्या केरसुणीने ओटा झाडायला निघाली, तर म्हातारा ओरडला, "ती बर्फाची आहे!" पुढे कितीतरी दिवस मी ही गोष्ट शाळेत सांगून हशा पिकवला.

आणि एका पौषात थंडी आली.

सकाळी उत्तरेचा वारा सुटला तो थांबेना. दुपारपर्यंत आमच्या वाडीतली पानवेलीची पानं काळवंडून गळू लागली. आमच्या आईने त्यांत माहेराहून आणलेली एक वेल जिवापाड सांभाळली होती. मूळ वेल पावसाळ्यात कुजली होती. तिची शेवटची बेणी आईने बारा डब्यांत लावली होती, ती नुकती धरत होती. तीही गेली असती तर ती वेल कायमची संपली असती. एक डबा आईने पदराखाली धरला होता.

मी आबांकडे गेलो. इतकी वर्षं मी या माणसाला हसलो होतो. आबांनी बोट वर धरलं नाही की भरवशाचा विषय काढला नाही. फक्त विचारलं, "किती डबे?"

काचघराच्या मधोमध अर्ध्या पिंपात बिगोनिया पसरला होता. तो असताना बारा डबे मावणं शक्य नव्हतं. आबा क्षणभर त्याच्याकडे पाहत उभे राहिले, मग पिंपाला हात घालून म्हणाले, "धरा मास्तर, त्या बाजूने."

"अहो आबा, हा बाहेर कसा राहील? घरात तरी नेऊ."

"घरात चुलीचा धूर. धुराने आजच मरेल. पडवीत गोणपाटाखाली ठेवू, बघू."

आईने डबे आणले. दाराशी थांबून तिने चपला काढल्या, पाय धुतले. मीही धुतले आणि या वेळी मला कीव आली नाही. लाज वाटली.

वारा तीन दिवस होता. आईची बाराही बेणी वाचली. बिगोनिया कुजला.

पुढच्या दसऱ्यानंतर आबांनी कागद वाचायला बोलावलं. मला वाटलं होतं, आता काचघर साफ करायचं कोणासाठी? मी वाचत गेलो आणि बिगोनियाची ओळ गुपचूप गाळली.

"एक राहिली," आबा म्हणाले. मी ती वाचली. त्यांनी मान हलवली आणि काथ्या उचलला.

त्यानंतर दोन हिवाळे ते होते. ते गेल्यावर सुनेने काचघर मोडलं. काय हवं ते घेऊन जा, म्हणाली. मी केरसुणी घेतली. आमच्या वाडीत आईच्या वेलीशेजारी ती खुंटीला टांगलेली आहे. वसईत अजून बर्फ पडलेला नाही, पण मी तिला कोणाला हात लावू देत नाही.