लाल बटण आणि कृषी केंद्राचा नंबर

आमच्या कॉलेजात सुरक्षेचं अ‍ॅप आलं तेव्हा ते माझ्याकडे सोपवलं गेलं, कारण कंपनीची माणसं इंग्रजीत बोलत आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तासिका तत्त्वावर मी तिथे कॉम्प्युटर शिकवत होते. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण इंग्रजी येतं म्हणजे बोलता येतं, असा एक समज आपल्याकडे आहेच.

व्यवस्था चांगली होती, आजही आहे. कॉलेज चिखलीपासून थोडं बाहेर, शेतांच्या मधोमध. फाटकापासून एसटीच्या थांब्यापर्यंतचा रस्ता सरळ, पण सुनसान. त्यावर दिवे लागले, कॅमेरे बसले आणि विद्यार्थ्यांच्या, तशाच आम्हा शिक्षकांच्या मोबाइलमध्ये एक लाल बटण आलं. ते दाबून धरलं की फाटकावरच्या खोलीत भोंगा वाजतो, आपण कुठे उभे आहोत ते तिथल्या पडद्यावर दिसतं, आणि त्याच क्षणी घरी मेसेज जातो.

डेमोच्या दिवशी घरचे मेसेज बंद ठेवले होते. मुलींनी हसत हसत बटणं दाबली. त्यानंतर कुणीच दाबलं नाही. प्राचार्य सर मीटिंगमध्ये म्हणाले, "याचा अर्थ आपला परिसर सुरक्षित आहे."

मी रोज त्याच थांब्यावर बसची वाट बघायची. मोटारसायकलवरची दोन पोरं समोरून उगाच येरझारा घालत. मुली एकमेकींजवळ सरकत. एखादी मोबाइल कानाला लावून खोटंच म्हणे, "हो पप्पा, आलेच." बटणाकडे कुणाचं बोट जात नसे.

एकदा मी शेजारी उभ्या मुलीला विचारलं. ती साखरखेर्ड्याकडची, दुसऱ्या वर्षाची, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी आणि माझ्यापेक्षा दहापट बोलणारी.

"दाबत का नाही गं तुम्ही ते?"

"मॅडम, दाबलं की मेसेज कुठी जाते, माहीत हाय का तुम्हाले?"

"घरी."

"घरी नाई. कृषी केंद्रात."

तिच्या वडिलांकडे साधा फोन होता. म्हणून प्रवेश घेताना तिने चुलत्यांचा नंबर दिला होता, आणि त्यांचं गावात खता-बियाण्यांचं दुकान. "तिथं दिवसभर माणसं बसून राह्यतात. आधी गावाले कळन, मंग बाबाले. अन् बाबाले कळलं की माह्यं कॉलेज बंद. मोटारसायकलवाल्याचं काय जाते?"

बाकीच्या हसल्या, आणि त्या हसण्यावरून समजलं की प्रत्येकीचं एक कृषी केंद्र होतं. कुणाचा मामा, कुणाचा भाऊ, कुणाच्या शेजारचे गुरुजी. मला नवल वाटलं नाही. मी स्वतः पप्पांऐवजी मैत्रिणीचा नंबर टाकला होता.

मेसेज आधी कुणाला जावा ते बदला, असं मी कंपनीला लिहिलं. उत्तर यायच्या आतच तिला बटण दाबावं लागलं.

त्या संध्याकाळी प्रॅक्टिकलमुळे ती मागे राहिली होती आणि थांब्याकडे एकटीच निघाली होती. मोटारसायकल तिच्याजवळ थांबली, मागे बसलेल्याने तिची बॅग धरली. भोंगा वाजला तेव्हा मी फाटकातून बाहेर पडत होते. वॉचमन काका धावले, त्यांच्यामागे मी. आम्हाला बघून पोरं पळाली, पण कॅमेऱ्यात गाडीचा नंबर आला होता आणि तो लगेच पोलिसांकडे गेला. मी तिला बसमध्ये बसवलं. काकांनी पडद्यावर 'सुरक्षित' असं नोंदवलं. तो मेसेज फक्त प्राचार्यांना गेला. तो घरी पाठवायची सोयच नव्हती.

सकाळी कॉलेजपुढे जीप उभी होती. मलाही केबिनमध्ये बोलावलं. तिथे तिचे वडील, चुलते आणि ती. ती, कधी नव्हे ती, गप्प.

"साहेब, पोरीची टीसी द्या," चुलते म्हणाले.

"अहो, मुलगी सुखरूप आहे. यंत्रणेने आपलं काम केलं," सर म्हणाले.

"सुखरूप हाय त मेसेज काऊन आला? बरं, आला तो आला. मंग मिटलं, त्याचा मेसेज कुठी आला? माह्या दुकानात मोठ्यानं वाचला एकानं. पोरगी बसमधून उतरली तवा अर्धं गाव फाट्यावर उभं होतं, तिले पाहाले."

वडील खुर्चीच्या काठावर बसले होते. ते इतकंच म्हणाले, "आता पुरे झालं शिक्षण."

मी काही बोलणार नाही असं धरून सरांनी चहा मागवला. बोलण्यापेक्षा दाखवणं मला जमतं. मी लॅपटॉप उघडून वडिलांसमोर ठेवला.

कॅमेऱ्यातल्या चित्राला आवाज नव्हता. गाडी थांबते, बॅग ओढली जाते. ती बॅग सोडत नाही. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर अंगठा रोवून ती पाय घट्ट करून उभी राहते. मग फाटकाकडून काका धावत येतात आणि बऱ्याच मागून मी, एका हातात चप्पल घेऊन.

"पुन्हा लावा," वडील म्हणाले. या वेळी ते पुढे वाकून बघत होते. "हे बटन तिनं सोताच दाबलं?"

"हो काका, आम्ही शिकवलं तसंच. तिचं काहीच चुकलं नाही. मेसेज चुकीच्या वाटेनं जातो, ती वाट मी बदलून घेते. पण नीट वागली म्हणून तिचं कॉलेज बंद झालं, तर उद्या दुसरी कुणी बटण दाबणार नाही."

त्या केबिनमध्ये मी एवढं सलग पहिल्यांदाच बोलले होते.

"मंग मेसेज कोनाले येईन?" चुलत्यांनी विचारलं.

"आधी फाटकावर आणि मला."

"अन् मले?" वडिलांनी खिशातून साधा फोन काढला. "याच्यावरचं बारीक अक्षर मले दिसत नाई. पोरीनंच फोन करावा. तिचा आवाज आला की समजते." मग चुलत्यांकडे न बघता म्हणाले, "दुकानावर नको."

"घ्या. आता आम्ही परके," चुलते म्हणाले, पण चहा त्यांनी घेतला.

जाताना वडील दारात थांबले. "तुही बस कव्हा हाय?"

"नेहमीचीच," ती म्हणाली.

"मंग जाय वर्गात."

कंपनीचा माणूस म्हणाला, सगळीकडे असंच असतं, बदलता येत नाही. मी त्याला रोज फोन केला. कॉन्व्हेंटचं इंग्रजी मी इतक्या निश्चयाने कधी वापरलं नव्हतं. शेवटी त्याने बदललं. आता मदत आधी पोचते, मग मुलगी फाटकावरच्या खोलीतून स्वतः घरी फोन करते. तिला बोलता येण्यासारखं नसेल तर आम्ही करतो, आणि तेही तिने निवडलेल्या माणसालाच.

बटण आता दाबलं जातं. ती तिसऱ्या वर्षाला आहे. परवा कॉलेजच्या मागच्या वाटेवर विजेची तार तुटून पडलेली तिला दिसली आणि तिने भोंगा वाजवला. काकांनी ती वाट अडवली, आणि ती फाटकावरच्या खोलीत बसून घरी बोलू लागली. "बाबा, मी हाय. काई नाई झालं... हाव, डबा खाल्ला..." बस आली तरी तिचं संपेना. मीच थांब्याकडे धावत जाऊन रस्त्याच्या मधोमध हात वर केला आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, थांबा, आमची एक मुलगी यायची आहे.