रेडकर बाईंची चढती शीळ

रेडकर बाई वर्गाला गप्प करायच्या त्या शीळ घालून. छडी नाही, डस्टर नाही. दोन्ही ओठ मुडपून अशी शीळ घालत की ती जमिनीवरून निघून छपराला भोक पाडून जाई. तंत्रनिकेतनात बाई इलेक्ट्रॉनिक्स शिकवत, आणि त्यांची शीळ ऐकून भाट्याच्या पुलावरचे सायकलवाले खाली उतरत, असं मी म्हणतो. ज्याला खोटं वाटेल त्याने पुलाला विचारावं. बाईमाणसानं शीळ घालू नये, असं एकदा प्राचार्य म्हणाले. बाई म्हणाल्या, "मग तुम्ही घाला, मी प्राचार्य होते."

मी त्यांचा नापास विद्यार्थी. नंतर शिरगावच्या चढावर त्यांच्याच बाजूला घर बांधलं, म्हणजे नापास होणं जन्मभर पुरलं. विषय कुठलाही असो, बाई शेवटी शिळेवरच यायच्या. "एका सुरात हाक मारलीस तर ती गोंगाटात बुडते रे मेल्या. खालून वर चढत जाणारी हाक गोंगाटातूनही ओळखू येते. इंग्रजीत तिला 'चर्प' म्हणतात. हे दयाळाला कळतं, वटवाघळाला कळतं, बोटीवरच्या रडारला कळतं. फक्त तुला कळत नाही."

तो दयाळ खराच होता. बाईंच्या परसात शेंडा गेलेला एक सुका माड होता, त्याच्या ढोलीत दर वर्षी दयाळाची जोडी घरटं करी. सकाळी नर माडावर बसून शीळ घाली, बाई पडवीत चहाचा कप घेऊन उलट शीळ घालत. बाईंना ना मूल ना बाळ, यजमान कधीच गेलेले. दिवसातलं पहिलं बोलणं त्या पाखराशी.

परसाच्या दगडी गडग्यापलीकडे दामूशेठची हापूसची बाग. माणूस गब्बर, आवाज त्याहून गब्बर. एका मोसमात त्यांनी वानरं पळवायचं मशीन आणलं. खांबावर भला मोठा कर्णा, आणि थोड्या थोड्या वेळानं त्यातून 'कूऽऽऊऽऽईऽऽक्!' अशी खालून वर चढणारी किंकाळी. पहिल्या किंकाळीला माझ्या सासूबाईंची कवळी तोंडातून निघून वरणात पडली. वानरं खरंच पळाली, पण ती गडग्यावरून बाईंच्या परसात. आणि दयाळाची जोडी उडाली ती उडालीच. ढोलीतली निळसर अंडी थंड पडली.

बाई गडग्याशी गेल्या. म्हणाल्या, "दामूशेठ, पाखरं परत येईस्तोवर तेवढं बंद ठेवा."

दामूशेठ हसले. "काय ओ बाई, तुमचं पाखरू आंबा देतं काय? एवढंच असेल तर मुंबईहून दुसरं आणून देतो. पिंजऱ्यासकट!"

बाई तशाच वळून घरात गेल्या. मी घाबरलो. वर्गात बाई बोलायच्या थांबल्या की कुणीतरी नापास व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मशीन किंचाळलं तशा बाई परसात आल्या आणि ताटभर केळी मांडून परत गेल्या. पुढच्या किंकाळीला फणसाचे गरे. मग शिळ्या चपात्या, मग काकडी. किंकाळी झाली की ताट. एरवी कणसुद्धा नाही. मी विचारलं, "बाई, दामूशेठनी पळवलेल्या वानरांना तुम्ही जेवायला घालता?"

"मी जेवायला घालत नाही. मी शिकवतेय. तुझ्यापेक्षा हुशार आहेत, एकदा सांगितलेलं लक्षात ठेवतात."

पुढल्या मोसमात मशीन परत चालू झालं, तसं ताटही. आता ते रोज थोडं थोडं सरकत होतं. परसातून गडग्याशी, मग गडग्यावर. मग बाई केळी उचलून पलीकडे, थेट खांबाच्या बुडाशी भिरकावू लागल्या. नेम असा की क्रिकेटवाल्यांनी पाया पडावं. मी म्हटलं, "उद्याच काय तो दणका देऊ या." बाई म्हणाल्या, "घाई नको. बदला हा आंब्यासारखा अढीत घालावा. झाडावरून ओरबाडलास तर दात आंबतात."

बागेत तोड सुरू व्हायची होती, फांद्या लगडल्या होत्या, आणि बाईंनी ताट बंद केलं.

दामूशेठनी मशीन लावलं. किंकाळी चढली आणि वानरं आली. आपल्या शिरगावची आली, हे ठीक. पण मी तुम्हांला सांगतो, खेडची आली, हर्णैची आली, त्यांतल्या काहींनी तर एस.टी.त खिडकीची जागा धरली असणार. खांबाखाली केळी दिसेनात, तेव्हा त्यांनी वर मान केली, आणि वर हापूस! दामूशेठ घाबरून आवाज वाढवत गेले. जितका आवाज, तितकी पंगत. शेवटी एका थोराड हुप्प्यानं कर्णा उपटला, डोक्यावर घातला आणि बागेतून वरातीतल्या नवरदेवासारखा फिरला.

दामूशेठ आंब्याची पेटी घेऊन गडग्याशी आले. आता गड्यांनी हात उगारून शुक् केलं तरी वानरं जेवायला बोलावल्यासारखी बघत. "बाई, चुकलो. यांना आवरा."

"पेटी न्या परत. शिकवलं मी, विसरायलाही मीच लावीन. पण रोज सकाळी इथं गडग्याशी उभं राहून तुम्ही शीळ घालायची. खालून वर. ज्या सुरानं पाखरू घालवलंत, त्याच सुरानं बोलवा. ते येईस्तोवर."

"रोज?"

"ते रोजच यायचं."

गावात ज्यांच्यापुढे कुणी खाकरत नसे, ते दामूशेठ उजाडलं की गडग्याशी उभे राहून गाल फुगवू लागले. आधी नुसती हवा, मग थुंकी, मग शीळ. शीळ झाली तरी ताट येईना, तशी वानरं हळूहळू पांगली, पण बाईंच्या धाकानं शीळ चालूच राहिली.

आणि पुढच्या चैत्रात दयाळ आला! त्याच माडावर, त्याच ढोलीत. दामूशेठनी शीळ घातली आणि वरून टपोरं उत्तर आलं. मी धावलो सांगायला, तर बाईंनी मागून कॉलर धरली. "गप्प. थांब. त्याच्या तोंडाकडे बघ."

दामूशेठचा चेहरा कोरा. राखणीसाठी दोन मोसम त्याच कर्ण्याखाली खाट टाकून निजलेला माणूस तो! वरचे सूर कानांतून कायमचे गेले होते. स्वतःची शीळही त्यांना अर्धीच ऐकू येत होती.

"बाई, सांगू या ना."

"माझी अंडी थंड पडली तेव्हा तो हसला होता," बाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला. पुढं कित्येक सकाळी त्या पडवीत बसून तो सवाल-जवाब ऐकत राहिल्या. इतकं सुखी माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. इस्पितळात मी शेजारी बसलो होतो. आवाज अगदी खोल गेला होता.

"दामूची शीळ चालू आहे?"

"आहे, बाई."

"दयाळ?"

"आहे."

"मग तू काय करायचं?"

"गप्प बसायचं."

बाईंनी डोळे मिटले. "जन्मात पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलंस."

आज सकाळीही दामूशेठ गडग्याशी उभे होते. शीळ घालून झाल्यावर मला बघून ओरडले, "काय रे, आलं काय ते पाखरू?" त्यांच्या डोक्यावर, सुक्या माडाच्या टोकाला, दयाळ जीव तोडून गात होता.

मी मान हलवली आणि हातानं खूण केली. अजून नाही. सूर थोडा वर चढवा.