शिळे आभार चालत नाहीत

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या कारखान्यांत मिळून दिवसभरात देवाचे जेवढे आभार मानले जात असतील, त्यांतले निम्मे तरी आमचे मामा एकटे मानत असत. मामा नात्याने कुणाचेच मामा नव्हते. मूळचे नगरकडचे, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती, राहायला दापोडीत. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या प्रेस शॉपमध्ये तयार झालेला माल तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. मी लातूरकडून आलो आणि दापोडीतच खोली घेतली, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये नऊ वर्षं त्यांच्या शेजारची जागा माझी. या नऊ वर्षांत त्यांनी देवाचे आभार मानले नाहीत असे दिवस मी मोजकेच पाहिले, आणि ते आले तेव्हा आमचंच काहीतरी बिघडल्यासारखं झालं.

मामांचा नियम असा, की रोज एका तरी नव्या गोष्टीसाठी आभार मानायचे. घर, अन्न, आरोग्य हे नेहमीचं झाल्यावर वर एक ताजं. "कालचेच आभार आज मानले की ते शिळे होतात. आपण पाहुण्याला शिळं वाढतो का?" असं ते म्हणत. पहाटे चहाच्या आधी ते आणि मामी समोरासमोर बसत, मामा प्रार्थना करत आणि शेवटचं 'आमेन' मामींचं असे. तेवढ्याने त्यांचं भागत नसे, म्हणून उरलेली प्रार्थना दिवसभर चाले. चाकणच्या चौकात बस तासभर अडकली, सगळे जण पुढच्या ट्रेलरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले, की मामा डोळे मिटून म्हणायचे, "देवबापा, आमच्या बसचे ब्रेक चांगले आहेत, त्याबद्दल तुझे आभार." एकदा ते जेवणाआधी असेच डोळे मिटून बसलेले असताना नवीन आलेल्या साहेबांना वाटलं, हा माणूस झोपलाय. ते तावातावाने जवळ आले तेव्हा मामा पुटपुटत होते, "आणि लक्ष ठेवणारा साहेब दिलास, त्याबद्दलही." रागवावं की नाही हे न कळून साहेब तसेच मागे फिरले.

जेवणाची प्रार्थना हा आमच्या टेबलाचा मोठा प्रश्न होता. मामांना नुसत्या भाकरीचे आभार मानून समाधान नसे. ज्वारी पेरणारा, दळणारा, गॅसची टाकी तिसऱ्या मजल्यावर चढवणारा, असे सगळे एकेक करून येत. तोवर आमच्या भाज्या गार. त्यांच्याआधी जेवायला कुणी मनाई केली नव्हती, पण का कोण जाणे, घास घेववत नसे. माझ्यासमोर सोपान बसायचा. चाकणजवळच्याच गावचा शेतकरी गडी, प्रेसवर ऑपरेटर. मामांनी एके दिवशी गेजने मापून त्याच्या मालातले बरेच नग नापास केले आणि त्यांच्यावर लाल ठिपके दिले होते. सोपान उखडला. "मामा, देवाचं समदं चालतंय तुमाला, माझंच कसं चालत न्हाई?"

"देवाच्या कामाला लावायला माझ्याकडे गेज नाही," मामा शांतपणे म्हणाले, "तुझ्या कामाला आहे."

मग एका उन्हाळ्यात मामा अचानक यायचे बंद झाले. मामींना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दोन आठवड्यांनी त्यांना घरी आणलं, मुलगी येऊन राहिली आणि मामा कामावर परतले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि सरळ जेवायला सुरुवात केली. आमचे हात जागच्या जागी थांबले.

"मामा, ऱ्हायलं," सोपान म्हणाला.

"काय राहिलं?"

"त्ये... तुमचं नेहमीचं."

"आज काही नाही रे," मामा म्हणाले आणि खाली मान घालून जेवत राहिले.

तीन आठवडे असंच चाललं. भाज्या गरम असत, पण जेवणात कुणाचं लक्ष नसे. शेवटी बसमध्ये मीच विषय काढला. मामांनी मांडीवरचा डबा पायाशी ठेवला. मग म्हणाले, "तोंडाने म्हणेन, पण आत नाही. ते त्यालाही माहीत, मलाही माहीत. मग खोटं कुणाला ऐकवायचं? चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, काही बोलू नका, नुसते बसत जा. म्हणून पहाटे तिच्यासमोर बसतो. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे."

"देवाचा राग येतो का?"

"येतो ना. पण त्याच्याजवळच बसून येतो."

आणि एके सकाळी मामा स्टॉपवर जवळजवळ पळतच आले. दाढी अर्धवट केलेली, शर्टाची बटणं खालीवर. "बोलली!" ते ओरडले. रांगेतले सगळे वळले.

"काय म्हणाल्या?"

"काल संध्याकाळी मी खिचडी केली. पहिला घास दिला. तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, 'अळणी'. अगदी स्पष्ट. अळणी!"

ही बातमी बसमध्ये बसतानाच ड्रायव्हरपासून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचली. दुपारी डब्यासमोर मामांनी डोळे मिटले ते उघडेचनात. जिभेचे आभार झाले, चवीचे झाले, मिठागरात राबणाऱ्यांचे झाले. मग ते म्हणाले, "देवबापा, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. माझी चूक काढणारी मला तू परत दिलीस." आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही. सोपानने डोळे पुसले आणि मिरची तिखट असल्याचं आम्हाला उगाच सांगितलं. मिरची अजून डब्यातच होती.

मामी पूर्ण बऱ्या झाल्या नाहीत. काठीशिवाय चालणं नाही, शब्दही मोजकेच परत आले. मामा निवृत्त झाले आणि दोघं नगरकडच्या गावी गेली. मागच्या नाताळानंतर मी एकदा जाऊन आलो. ओसरीवर मामींना कोवळ्या उन्हात बसवलं होतं. माझं नाव त्यांना आठवेना, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मामा म्हणाले, "राहा की आजच्या दिवस." दुसऱ्या दिवशी माझी पहिली शिफ्ट होती. संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून मी निघालो. मामा फाट्यापर्यंत सोडायला आले आणि गाडी हलली तरी तिथेच उभे होते.

एक शिफ्ट बुडाली असती तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं.