नवऱ्याचं नाव

मंगरूळपीरच्या एसटीतून ती बाई उतरली, की आमच्या ठाण्यातले शिपाई चहाला निघून जात. मी लेखनिक, मला जागा सोडता येत नसे. तिच्याबरोबर कधी मार खाल्लेली सून असे, कधी पोरांनी दगड मारलेला हिजडा. वर्षानुवर्षं तेच, तरी तिचा राग शिळा झाला नाही. कोणी बस म्हणायची वाट न पाहता खुर्ची ओढून बसायची.

त्या दिवशी आणलेल्या पोरीचा हात मोडला होता. मी नवऱ्याचं नाव विचारलं. पोरीनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही. नाव नाही तर तक्रार नाही, म्हणून मी वही मिटली. अशी कितीदा मिटली होती.

बाईनं ती उघडली.

"हात मोडला तवा त्यानं कोनती रीत पायली? घे नाव."

पोरीनं घेतलं. आधी पुटपुटत, मग साऱ्या ठाण्याला ऐकू जाईल असं. मी लिहिलं.

"बाबू, आता तू वाच. मोठ्यानं."

माझं बोट त्या नावावर थांबलं. सकाळी त्याच माणसाच्या ओट्यावर बसून मी चहा प्यालो होतो.