गार इंजिनाची वाट पाहताना सोलापुरात

सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो. त्यापूर्वीच मी भीमण्णांची सही घेतली, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि आम्ही दोघांनी उंबरा ओलांडला. भीमण्णा म्हणजे माझे दाजी. माझ्या बहिणीला, महादेवीला, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मैंदर्गीहून सोलापूरला न्यावे लागते. परतीच्या एसटीत ती पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकून बसते आणि गाव येईपर्यंत मान वर करीत नाही. म्हणून दाजींनी शेळ्यामेंढ्यांचा निम्मा कळप विकून जुनी मोटार घेण्याचे ठरवले. वाटेत बंद पडू नये, एवढीच त्यांची अट होती.

मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. शाळा सातवीत सुटली असली, तरी माझ्या मजकुरात वकीलसुद्धा क्वचितच खोड काढतात. गाडीच्या खरेदीचा करारनामा मी आदल्या दिवशीच सिद्ध केला होता. वेळ टळू नये म्हणून सही आधी घेण्याची आमच्याकडे रीत आहे. त्यात माझे नेहमीचे वाक्य होतेच: ‘सदर वाहन प्रत्यक्ष पाहून, तपासून, पूर्ण समाधान झाल्यावर लिहून देत आहे.’

वळसंगपर्यंत कंडक्टर कानडीत तिकिटे देत होता, पुढे मराठीत. दोन्हीकडे तुरीची राने आणि मधूनच एखादे हिरवेगार उसाचे शेत. मला प्रवासात बाहेर पाहायला आवडते. दाजी मात्र पाटीवर सोलापूरचे अंतर वाचत बसले होते.

होटगी रस्त्याच्या आतल्या गल्लीत विक्रेते भेटले. पांढऱ्या शर्टातले, निवृत्त, मृदू बोलणारे गृहस्थ. गाडी धुऊन पुसून उभी होती. मी करारनामा त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि घडी करून खिशात ठेवला. मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात दाजींच्या ओळखीचे मेस्त्री युनूसभाई स्कूटरवरून आले. त्यांनी गाडीला फेरी मारली नाही, आत डोकावले नाही. बॉनेटवर तळवा ठेवला आणि उचलला.

“इंजन गरम है. थंडा होने देव, फिर वो खुद बोलेगा,” ते म्हणाले. (इंजिन गार होऊ द्या, मग ते स्वतःच बोलेल.)

विक्रेते म्हणाले की गाडी नुसती सावलीत घेतली होती. युनूसभाईंनी मान डोलावली आणि पारावर जाऊन बसले. थांबणे भाग होते. आम्ही जवळच्या खाणावळीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेतले. चटणी तेलात कुटलेली, लाल, जिभेवर रेंगाळणारी. जेवताना मी युनूसभाईंना बरेच विचारले. ते सांगत होते की तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. सकाळचा पहिला आवाजच खरा. साक्षीदाराचेही तसेच असते, पण इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते.

तीन तासांनी बॉनेट गार लागले. किल्ली फिरवताच इंजिन खडखडले आणि मागून निळसर धूर निघाला. तेल जळते आहे, असे युनूसभाई म्हणाले. मग त्यांनी बॉनेट उघडून एका बाजूला बोट दाखवले. तिथे टायमिंग बेल्ट झाकणारे कव्हर हवे होते. बोल्टची रिकामी भोके तेवढी होती. बेल्ट धुळीत उघडा पडला होता. इंजिनाखालचे गार्डही नव्हते. गोणपाट अंथरून ते गाडीखाली सरकले आणि मला बोलावले. मीही पांढऱ्या लेंग्यानिशी आडवा झालो. बॅटरीच्या उजेडात चिखलाचे थर दिसले आणि बेल्टची कड जुन्या फायलीच्या कडेसारखी उसवलेली दिसली. कुठल्याशा दुरुस्तीत ही झाकणे काढली असणार आणि परत लावायचा कंटाळा केला असणार. बेल्ट तुटला तर इंजिन जागीच बसते.

दाजी एवढेच म्हणाले, “अक्कलकोट रोडला चालंल न्हवं?”

“चलेगी. कब रुकेगी, वो मैं लिखके नै देता.”

विक्रेत्यांनी शांतपणे खिशावर हात ठेवला. “लिहून तुम्ही आधीच दिलंय की. पाहून, तपासून, पूर्ण समाधान. सही पण हाय पाव्हण्यांची.”

दाजींनी माझ्याकडे पाहिले. या कागदात पळवाट मीच ठेवली नव्हती. कलम, अट, मुदत असे बरेच शब्द मनात आले. एकही उपयोगाचा नव्हता.

“ते वाक्य माझं आहे,” मी म्हणालो, “आणि ते खोटं आहे. सही झाली तेव्हा आम्ही गाडी पाहिलीच नव्हती. कोणी विचारलं, तर मी असंच सांगेन.”

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. “आवाज मलाबी येत हुता,” ते म्हणाले आणि कागद माझ्या हाती दिला.

परतीच्या एसटीत वळसंग मागे पडले. मग दाजी म्हणाले, “पाव्हणं, पुढची गाडी बघायला सकाळच्याला न सांगता जाऊ. इंजन गार असताना.”

गाडी पुजायला महादेवी नारळ घेऊन दारात बसली होती. मी सर्व सांगितले. तिने नारळ देवापुढे ठेवला. “बरं केलं, दादा. गुरुवारी यष्टीच मग,” ती म्हणाली. ‘पाहून, तपासून’ हे शब्द मी अजूनही लिहितो. परंतु त्यांच्यापुढे तारीख आणि वेळेसाठी जागा मोकळी सोडतो. पक्षकाराने माझ्यासमोर ती भरल्याशिवाय सहीला पेन देत नाही, मग राहुकाळ लागला तरी.